रिकामा डबा, भरलेली खोली

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत फेटलिंग विभागाच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता. साच्यातून निघालेल्या ओतीव भागांच्या कडा घासून साफ करायचं काम जिथे चालतं, तो हा विभाग. दिवसभर ग्राइंडरच्या ठिणग्या आणि काळ्या वाळूची धूळ. दर तीन-चार महिन्यांनी मला तिथून फोन यायचा, ‘साहेब, सीपीयू परत बंद पडलाय बघा.’ जाऊन कॅबिनेट उघडलं की पंख्याच्या पात्यांवर काजळीसारखा थर बसलेला असायचा. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते. घासकामातून उडणारा लोखंडाचा बारीक कीसही त्यात येऊन मिळतो. पंखा हवा आत ओढतो तेव्हा हे सगळंच आत ओढतो. पावसाळ्यात त्या थराला ओल धरली की मदरबोर्डचं काही खरं नसायचं. मग ब्लोअर मारायचा, रॅम काढून तिचे पिवळे दात खोडरबरानं पुसायचे, पंखा बदलायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर नवी हार्ड डिस्क टाकून विंडोज पुन्हा बसवायचं. तोवर माल तयार असूनही चलान निघत नाही म्हणून ट्रक फाटकात उभा.

आज त्याच कोपऱ्यात मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंनी बसवलेला, जाडजूड वहीएवढा एक डबा आहे. त्याला पंखा नाही, हवेसाठी भोकं नाहीत, आत हार्ड डिस्क नाही. अंगाला हात लावला तर कोमट लागतो, एवढंच. बाहेरून धूळ बसते, ती तिथलाच माणूस फडक्यानं पुसतो. चलान बनवायचं सॉफ्टवेअर आता त्या डब्यात नसून ऑफिसच्या मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर चालतं. डबा फक्त चित्र दाखवतो आणि बोटांनी दाबलेली बटणं तिकडे कळवतो. यालाच थिन क्लायंट म्हणतात.

मी गेली पंधरा-सोळा वर्षं एमआयडीसीतल्या लहान-मध्यम कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. थिन क्लायंटबद्दल कारखानदार पहिला प्रश्न विचारतात तो किमतीचा: डबा पीसीपेक्षा किती स्वस्त पडतो? माझ्या मते पाहायची गोष्ट वेगळीच आहे. या डब्यात काहीच नसतं. बिघडण्यासारखं फार थोडं, चोरीला जाण्यासारखं जवळजवळ काहीच नाही, आणि बंद पडला तर हरवण्यासारखंही काही नाही. सगळा फायदा या रिकामेपणातून येतो. डब्यातून काढलेलं सगळं एका खोलीत जाऊन बसतं, म्हणून जपायची ती ती खोली.

काम कसं चालतं ते एका बटणावरून पाहू. चलानवर नग लिहिताना ५ चं बटण दाबलं. डब्यानं ‘५ दाबलं’ एवढीच खबर नेटवर्कच्या केबलवरून सर्व्हरला पाठवली. तिथे तुमच्या नावानं चालू असलेल्या सॉफ्टवेअरनं तो आकडा घेतला, बेरीज बदलली, पडदा नव्यानं रंगवला. सर्व्हरनं मग पडद्याचा जेवढा तुकडा बदलला तेवढ्याचंच चित्र दाबून बारीक करून परत पाठवलं. कारखान्याच्या आतल्या केबलवर ही ये-जा इतक्या कमी वेळात होते की माणसाला ती जाणवतही नाही. पुण्याचा सर्व्हर आणि दुसऱ्या गावचं ऑफिस असं असेल तर मात्र इंटरनेटच्या लाइनचा वेग जितका महत्त्वाचा, तितकाच तिचा विलंबही. जाण्या-येण्याचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापलीकडे गेला की अक्षरं बोटांच्या मागे पडू लागतात आणि टाइप करणारा वैतागतो. फाइल मात्र या सगळ्या प्रवासात एकदाही सर्व्हरच्या खोलीबाहेर येत नाही.

ही कल्पना नवी नाही. रेल्वेच्या आरक्षण खिडकीपाशी रांगेत उभं राहिलेल्या कुणीही ती पाहिलेली आहे. १९८५ साली दिल्लीत रेल्वेनं कॉम्प्युटरवरून आरक्षण द्यायला सुरुवात केली. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथेही अशी केंद्रं झाली, आणि १९९९ पर्यंत पाचही एकमेकांना जोडली गेली. खिडकीतल्या बाबूसमोर काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दिसायची. ते यंत्र स्वतः काहीच जाणत नव्हतं. कोणत्या गाडीत किती बर्थ रिकामे, हे दूरच्या केंद्रातल्या मोठ्या कॉम्प्युटरला ठाऊक. म्हणूनच मिरजेच्या आणि दादरच्या खिडकीवरून एकच बर्थ दोघांना विकला जात नसे. त्याआधी बँका आणि विमान कंपन्या हेच करत होत्या. आयबीएमचं ३२७० हे टर्मिनल १९७१ सालचं.

मग १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि प्रत्येक टेबलावर स्वतंत्र डोकं बसलं. ते हवंहवंसं होतंच. पण दहा-बारा वर्षांत मोठ्या कंपन्यांना त्या डोक्यांचा सांभाळ जड जाऊ लागला. ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी १९९५ मध्ये ५०० डॉलरच्या नेटवर्क कॉम्प्युटरची कल्पना मांडली, पण ती बाजारात रुजली नाही. पीसीच स्वस्त होत गेले आणि त्या काळच्या लाइनी फार संथ होत्या. त्याच वर्षी सिट्रिक्सनं विनफ्रेम आणलं. एका विंडोज सर्व्हरवर एकाच वेळी अनेकांनी काम करायचं ते तंत्र. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली, आणि आज ज्याला आपण सर्रास रिमोट डेस्कटॉप म्हणतो त्याची वाट मोकळी झाली. दिल्लीच्या आरक्षण केंद्राची जुनी रीतच रंगीत पडद्यावर परत आली म्हणायची.

सर्व्हरच्या बाजूला दोन पद्धती आहेत. पहिली पंगतीसारखी. एकच स्वयंपाक, सगळ्यांना तोच, फक्त पानं वेगळी. एका सर्व्हरवर एकच विंडोज चालतं आणि चाळीस माणसं आपापलं पान मांडून बसतात. दुसरी पद्धत खानावळीच्या डब्यांसारखी. स्वयंपाकघर एकच, पण प्रत्येकाचा डबा निराळा भरलेला. सर्व्हरच्या पोटात माणशी एक स्वतंत्र, आभासी पीसी. याला व्हीडीआय म्हणतात. लहान कारखान्याला पंगत पुरते आणि परवडते. साध्या ऑफिसकामाला माणशी दोन ते चार जीबी रॅम धरली की सर्व्हरचा अंदाज येतो. ज्यांना स्वतःचं सॉफ्टवेअर बसवायचं असतं किंवा एकाच्या चुकीचा त्रास दुसऱ्याला होऊ द्यायचा नसतो, त्यांनी या दुसऱ्या पद्धतीचा विचार करावा. त्याला रॅम, डिस्क, लायसन्स सगळंच जास्त लागतं.

रोजच्या कामात फरक पडतो तो देखभालीत. चाळीस पीसींचं ऑफिस म्हणजे चाळीस विंडोज, चाळीस अँटीव्हायरस, टॅलीच्या कदाचित तीन वेगवेगळ्या आवृत्त्या आणि कुणाच्या तरी डेस्कटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘एकदम फायनल’ नावाच्या तीन एक्सेल फाइल. अपडेट आलं की टेबलाटेबलाशी जायचं, तेही माणूस जेवायला उठेल तेव्हा. सर्व्हर एक असला की रविवारी दुपारी एकदा बसून काम संपतं. मराठी फॉन्टचंच घ्या. एका टेबलावर टाइप केलेलं पत्र दुसऱ्या टेबलावर उघडलं की चौकोनच चौकोन, ही तक्रार मी किती ठिकाणी ऐकली असेल! सर्व्हरवर फॉन्ट एकदा बसवला की चाळीसही जणांना तो मिळतो. नवा माणूस कामाला लागला तर त्याच्या नावाचं खातं उघडायला दहा मिनिटं पुरतात. सोडून गेला तर ते खातं बंद केलं की झालं. त्याच्या लॅपटॉपमध्ये कंपनीचं काय काय गेलं याची धास्ती उरत नाही.

मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांना ही धास्ती फार जवळची आहे. त्यांच्याकडे गिऱ्हाईकाची ड्रॉइंग असतात, आणि ती बाहेर गेली तर ऑर्डरबरोबर विश्वासही जातो. पेन ड्राइव्ह लावायची सोय डब्यावर बंद करता येते. ड्रॉइंग पडद्यावर दिसतं, पण डब्यात उतरत नाही. कुणी रात्री खिडकी फोडून डबा नेला तरी त्याच्या हाती काही हजारांचं लोखंड-प्लास्टिक लागेल. माहितीचा एक कणही लागणार नाही.

विजेचा मुद्दा विक्रेते फार रंगवून सांगतात, म्हणून हिशेब इथेच मांडतो. पीसीचं कॅबिनेट साधं काम करताना सुमारे ६० वॉट घेतं आणि डबा १० वॉट, असं धरू. माणशी ५० वॉट वाचले. चाळीस माणसं, आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ४,८०० युनिट. पण सर्व्हर चोवीस तास चालतो. तो सरासरी ३०० वॉट घेत असेल तर वर्षाला २,६०० युनिटांवर त्यानंच खाल्ली, वर खोलीचा एसी. म्हणजे एका पाळीच्या ऑफिसनं निव्वळ विजेच्या बिलाकडे पाहून या वाटेला जाऊ नये. तीन पाळ्यांच्या कारखान्यात मात्र तीच बचत तिप्पट होते आणि सर्व्हर तेवढाच राहतो. खरी मोठी बचत मी पाहिली ती यूपीएसच्या बॅटऱ्यांत. चाळीस पीसींना वीज गेल्यावर अर्धा तास तगवायचं तर बॅटऱ्यांचा ढीग लागतो, आणि दर तीन-चार वर्षांनी तो बदलावा लागतो. डब्यांना त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी पुरतो. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्या वसाहतींत हे पैसे थेट हातात दिसतात.

आणखी एक गोष्ट सध्या प्रत्येक ऑफिससमोर उभी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे हजारो धडधाकट पीसी एका तारखेनं जुने ठरले. ते भंगारात घालायच्या आधी त्यांच्यावर हलकी लिनक्स बसवून त्यांचेच थिन क्लायंट करता येतात. एलटीएसपी हा मुक्त प्रकल्प १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच करतो आहे. यंत्र चालू झालं की नेटवर्कवरूनच स्वतःची प्रणाली उचलतं. हार्ड डिस्क काढून टाकली तरी चालतं. मी असे आठ-नऊ वर्षांचे पीसी आजही गोडाऊनच्या नोंदींना वापरतो आहे. पंख्याची कटकट राहते, पण गोडाऊनात ती फाउंड्रीइतकी नसते.

यंत्रांजवळ थिन क्लायंट ठेवायचा म्हटलं की सुपरवायझर हमखास विचारतात, पडदा गेला तर मशीन थांबेल का? नाही थांबणार. मशीन चालवतो तो पीएलसी, तो यंत्रापाशीच असतो आणि आपलं काम करत राहतो. पडद्यावर दिसतं ते तापमान, दाब, नग, अलार्म. तो पडदा काही काळ गेला तर माणूस आंधळा होतो, हे खरं आणि गंभीर आहे. म्हणून मोक्याच्या जागी दोन सर्व्हर ठेवून पहिला पडला की डबा आपोआप दुसऱ्याकडे वळेल अशी व्यवस्था करतात. कारखान्यांसाठी हे काम करणारं थिनमॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते बनवणारी कंपनी रॉकवेल ऑटोमेशननं २०१६ मध्ये विकत घेतली, यावरून उद्योगात या पद्धतीला किती वजन आहे ते कळावं. औषध कारखान्यांच्या स्वच्छ दालनांत तर पंख्याचा पीसी नकोच असतो, कारण पंखा हवेत कण उडवतो. तिथे बंदिस्त पोलादी डबा बसवतात आणि जंतुनाशकानं पुसून घेतात.

आता खोलीकडे वळतो, कारण बहुतेक फसलेली कामं मी तिथेच फसताना पाहिली आहेत.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि काही तासांत मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कॉम्प्युटरांत शिरला. आपल्या न्हावा शेवा बंदरातलं त्या समूहाचं टर्मिनलही त्यात सापडलं आणि तिथलं कामकाज विस्कळीत झालं. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी पुढच्या जानेवारीत दावोसच्या परिषदेत सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० पीसी आणि २,५०० सॉफ्टवेअर नव्यानं उभे करावे लागले. ४५,००० पीसी! मी एका फाउंड्रीतल्या एका पीसीचं विंडोज बसवायला अर्धा दिवस घालवणारा माणूस. तो आकडा वाचून छातीत धस्स झालं. टेबलांवर रिकामे डबे असते तर हे ४५,००० चं ओझं बरंच हलकं झालं असतं, याबद्दल मला शंका नाही.

पण त्या घटनेची दुसरी बाजूही तितकीच सांगितली पाहिजे. सर्व्हरही गेले होतेच. कोण कर्मचारी, कुणाला कसली मुभा, हे सांभाळणारे कंपनीचे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या नकला ठेवत होते. एकावर आलं ते सगळ्यांवर आलं. वाचला तो फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका डिस्कवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आग्रहानं सांगतो की बॅकअपची एक प्रत रोज घ्या आणि ती केबल काढून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवलेली प्रत अशा दिवशी मूळ माहितीबरोबरच जाते.

खोलीत आणखी काय हवं? ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य बँकेच्या काउंटरवर आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. पीसी बिघडला की एक माणूस बसून राहतो, सर्व्हर बिघडला की चाळीस. एकच चूल विझली तर सगळं घर उपाशी, तसं. म्हणून डबे घेण्याआधी सर्व्हर दोन घ्या. डिस्क एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या घ्या. खोलीचा एसी रात्रीही चालू राहील हे पाहा, नेटवर्कचा स्विच चांगला घ्या आणि एक शिल्लक ठेवा. या यादीतला स्विच लोक सर्वांत आधी गाळतात, कारण तो कुणाला दिसत नाही. एका ठिकाणी चाळीस डब्यांची सगळी लाइन हजार-बाराशे रुपयांच्या स्विचवर टांगलेली होती. तो तापून बंद पडला आणि सगळ्या कारखान्यानं दोष थिन क्लायंटला दिला.

लायसन्सचंही असंच. विंडोज सर्व्हरवर अनेकांनी रिमोट डेस्कटॉपनं काम करायचं तर प्रत्येक माणसाचं किंवा डब्याचं वेगळं लायसन्स लागतं. ते घेतलं नाही तरी सुरुवातीचे १२० दिवस सगळं सुरळीत चालतं. माझ्या सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात हे माझ्याकडून राहून गेलं होतं. चार महिने सगळे खूश, आणि मग एका सकाळी एकालाही आत शिरता येईना. महिनाअखेर होती, पगाराची यादी सर्व्हरवर अडकलेली. मालकांनी आवाज चढवला नाही, पण लायसन्स हाती येईपर्यंत समोर खुर्ची टाकून बसून राहिले. तेव्हापासून माझ्या कोटेशनमध्ये डब्यांच्या किमतीच्या वरची ओळ लायसन्सची असते.

सगळ्या टेबलांना ही पद्धत बसतही नाही. डिझाइन विभागात त्रिमितीय मॉडेल फिरवणाऱ्याला सर्व्हरमध्ये महागडं ग्राफिक्स कार्ड लागेल. दोन-तीनच माणसं असतील तर त्यांना चांगले पीसी द्यावेत आणि विषय संपवावा. दिवसभर व्हिडिओ मीटिंगमध्ये बसणाऱ्यांचंही तेच. मराठी टायपिंगच्या किंवा मोजमापाच्या काही सॉफ्टवेअरना यूएसबीचा डोंगल लागतो, तो दूरच्या सर्व्हरला ओळखू येईलच असं नाही. चलानचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि वजनकाट्याची केबल डब्याला जोडून आधी आठवडाभर चालवून पाहावी. मी नेहमी पाच टेबलांपासून सुरुवात करतो, तीही स्टोअर आणि डिस्पॅचपासून. तिथे काम ठरावीक असतं आणि धूळ सर्वांत जास्त.

गेल्या पावसाळ्यात त्या फाउंड्रीच्या डिस्पॅचमध्ये रात्रपाळीला एका डब्याचा ॲडॉप्टर जळाला. सुपरवायझरनं फोन केला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मी म्हटलं, ‘स्टोअरच्या कपाटात वरच्या खणात एक डबा आहे. दादा, तोच लावा, केबली त्याच.’ फोन चालू ठेवूनच त्यांनी जुना काढला, नवा लावला, नाव आणि पासवर्ड टाकला. पलीकडून क्षणभर आवाज आला नाही. मग ते म्हणाले, ‘अहो साहेब, अर्धवट टाकलेलं चलान तसंच आलंय की. सतरा नगांपर्यंत भरलं होतं, तिथंच कर्सर लुकलुकतोय.’ मागे ट्रकचा हॉर्न वाजला. त्यांनी फोन ठेवला आणि अठरावा नग टाकला असणार.